ठरवलेलं बजेट आणि झालेला खर्च: महिनाअखेरीस दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे कसे

महिन्याचं बजेट लिहून काढणारी घरं मुंबईत पुष्कळ आहेत. पगार झाला की वहीत किंवा मोबाईलवर आकडे मांडले जातात: घराचा हप्ता इतका, किराणा इतका, मुलांच्या क्लासला इतके. महिना संपल्यावर ते पान पुन्हा उघडणारी घरं मात्र कमी. आणि उघडलं तरी 'या महिन्यात फारच खर्च झाला' एवढं म्हणून सगळ्यावर सरसकट कात्री लावायचं ठरतं. दहा तारखेपर्यंत ते मागेही पडतं.

बजेटचा उपयोग खरा सुरू होतो तो तुलनेपासून. किराण्याला आठ हजार ठरले होते, तेरा गेले, म्हणजे पाच हजार जास्त. इथवरची वजाबाकी कुणालाही जमते. पण ते पाच हजार भाव वाढल्यामुळे गेले, वापर वाढल्यामुळे गेले, की पुढे कधीतरी जायचेच होते ते याच महिन्यात गेले? या तिन्हींवरचे उपाय अगदी वेगवेगळे आहेत. कारण न ओळखता हात आखडता घेतला तर भलत्याच ठिकाणी काटकसर होते आणि गळती चालूच राहते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा कारण ओळखण्याला दिली आहे.

आधी तुमचा महिना ठरवा

कुणाचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होतो, कुणाचा सात तारखेला. घरात दोन कमावती माणसं असतील तर दोन तारखा. क्रेडिट कार्डाचं बिल तिसऱ्याच तारखेला बनतं. अशा वेळी सरळ १ तारीख ते ३० किंवा ३१ तारीख हाच महिना धरा. शेवटच्या दिवशी जमा झालेला पगार पुढच्या महिन्याची मिळकत समजा, कारण तो पुढच्या महिन्यातच खर्च होणार असतो. एकदा ठरवलेली पद्धत वर्षभर बदलू नका. नाहीतर एका महिन्यात दोन पगार दिसतील आणि पुढच्यात एकही नाही.

मिळकतीचा आकडाही दर महिन्याला तपासा. महाराष्ट्रात बहुतेक नोकरदारांचा व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००. ही रक्कम किरकोळ आहे. पण गुंतवणुकीची कागदपत्रं वेळेत दिली नसतील, तर जानेवारी ते मार्च या काळात आयकराची कपात चांगलीच वाढू शकते. मग खर्च ठरल्याप्रमाणे होऊनही शिल्लक उरत नाही आणि दोष किराण्यावर येतो.

बाबी थोड्या ठेवा

पंधरापेक्षा जास्त बाबी केल्या की नोंद करणारा माणूस दुसऱ्या महिन्यात कंटाळतो. बाब पाडताना दुकान पाहू नका, निर्णय पाहा. वाण्याकडचं सामान आणि सुपरमार्केटमधलं सामान या दोन बाबी नव्हेत, तो किराणाच आहे. बाहेरचं खाणं मात्र किराण्यात मिसळू नका, कारण ते कमी करायचं की नाही हा निर्णय स्वतंत्र असतो. सुपरमार्केटच्या एकाच बिलात तांदूळ, बादली आणि मुलाची पँट असते. बिल दोन हजारांच्या वर असेल तरच ते फोडा. त्याखालचं बिल ज्या गोष्टीसाठी मुख्यतः गेला होतात त्या बाबीत टाका. एवढी ढिलाई चालते.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला 'खिशातला खर्च' म्हणून एक ठरावीक रक्कम द्या आणि त्या रकमेचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही, असं ठरवून टाका. चहा, गजरा, मित्राबरोबरचा वडापाव, पार्लर यांची चौकशी सुरू झाली की नोंदी लपवल्या जातात, आणि लपवलेल्या नोंदींवर केलेली तुलना खोटी असते.

खर्च गोळा करताना आकडे कुठे फसवतात

आता बहुतेक पैसे यूपीआयने जातात, त्यामुळे बँकेचं स्टेटमेंट उघडलं की सगळं दिसेल असं वाटतं. तसं होत नाही. बऱ्याच क्यूआर कोडवर दुकानाचं नाव नसतं, मालकाचं असतं. आठवड्यानंतर त्या नावाचा माणूस भाजीवाला होता की चांभार, हे आठवत नाही. म्हणून पैसे पाठवतानाच नोंदीच्या जागेत 'भाजी', 'रिक्षा', 'औषध' असा एक शब्द टाका. ते जमत नसेल तर दर रविवारी दहा मिनिटं बसून गेल्या सात दिवसांच्या नोंदींना नावं द्या. महिन्याभराचं एकदम करायला बसलात तर निम्मं 'इतर'मध्ये जाईल.

यूपीआय लाइट (छोट्या रकमांसाठीचं ॲपमधलं पाकीट) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. त्यातून दिलेले छोटे पैसे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एकेक करून दिसत नाहीत. लाइटमध्ये पैसे भरले, एवढी एकच ओळ दिसते. कटिंग, रिक्षा, स्टेशनबाहेरची केळी हे सगळं त्या एका ओळीत बुडतं. तपशील ॲपमधून घ्यावा लागतो.

क्रेडिट कार्डावरची खरेदी ज्या दिवशी केली त्या दिवशीचा खर्च धरा. कार्डाचं बिल भरलं तो पुन्हा खर्च धरायचा नाही, नाहीतर एकच मिक्सर दोन महिन्यांत दोनदा विकत घेतल्यासारखं होतं. स्वतःच्या दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे, एसआयपी (म्युच्युअल फंडातला ठरावीक हप्ता), भिशीचा हप्ता हे खर्च नव्हेत. त्यांना बचतीत जागा द्या. ऑनलाइन मागवलेला कुर्ता परत केला आणि पैसे आले, तर ती मिळकत नाही. कपड्यांच्या बाबीतून तेवढे वजा करा.

रोखीसाठी रोज लिहीत बसायची गरज नाही. महिन्याच्या सुरुवातीला घरात होती ती रोकड, अधिक एटीएममधून काढलेले पैसे, वजा महिनाअखेरची रोकड: एवढा रोखीचा खर्च. त्यातला आठवतो तो भाग लिहा. मावशींचा पगार, पेपरवाला, बाजारातली कोळीण हे सहज आठवतं. उरलेली रक्कम 'नोंद नसलेला' म्हणून तशीच ठेवा. ती जबरदस्तीने कुठल्यातरी बाबीत कोंबू नका. हा आकडा दर महिन्याला दिसत राहिला की तो आपोआप घटतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

मेचा महिना: एक पूर्ण उदाहरण

भांडुपमधलं चार माणसांचं एक घर धरू. हातात येणारी मिळकत ९२,००० रुपये, स्वतःचा फ्लॅट, त्याचा हप्ता चालू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. हप्ता, मेंटेनन्स, दूध या बाबी ठरल्याप्रमाणे झाल्या. फरक पडला तो या सहा ठिकाणी:

| बाब | ठरवलेले | झालेले | फरक |
|---|---|---|---|
| किराणा | ८,००० | १३,१०० | +५,१०० |
| वीज | २,००० | २,९५० | +९५० |
| शाळा-क्लास | ९,००० | ४,००० | −५,००० |
| बाहेरचं खाणं | ३,००० | ४,७०० | +१,७०० |
| प्रवास | ३,५०० | ४,०१० | +५१० |
| मासे-चिकन-अंडी | ३,५०० | २,९०० | −६०० |
| एकूण | २९,००० | ३१,६६० | +२,६६० |

नुसतं पाहिलं तर निष्कर्ष असा निघतो: किराण्यावर फार उधळपट्टी झाली, शाळेत पाच हजार वाचले, एकूण अडीच-पावणेतीन हजार जास्त गेले. हे तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

पहिला प्रश्न: पैसे भलत्याच महिन्यात तर गेले नाहीत?

किराण्याच्या १३,१०० मध्ये ४,६०० रुपये लालबागच्या मिरची गल्लीतले आहेत. वर्षाची मिरची, धणे, खडा मसाला घेतला आणि तिथेच कुटून आणला. पावसाआधीची ही आगोटीची खरेदी बारा महिन्यांसाठी असते. ती एकट्या मेच्या डोक्यावर ठेवली तर मे वाईट दिसतो आणि उरलेले अकरा महिने खोटेच चांगले दिसतात. हे ४,६०० बाजूला केले की किराणा उरतो ८,५००. म्हणजे खरा फरक पाचशेचा.

शाळेचं याच्या उलट. मेमध्ये क्लासचे चार हजारच गेले कारण शाळेची फी जूनमध्ये भरायची आहे. हे पाच हजार वाचलेले नाहीत, ते जूनचे आहेत. 'शाळेत वाचले' म्हणून ते उन्हाळी सहलीत घातले की जूनमध्ये क्रेडिट कार्ड बाहेर येतं. ठरवल्यापेक्षा कमी झालेला खर्च तपासायची आपल्याला सवय नसते, आणि मोठे घोटाळे नेमके तिथे होतात.

हे दोन्ही बाजूला काढल्यावर एकूण फरक २,६६० चा ३,०६० होतो. कागदावर दिसत होता त्यापेक्षा महिना थोडा जास्तच गेला आहे.

मुंबईत अशा वेळेच्या फरकांची रेलचेल असते. महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं. सोसायटीचं मेंटेनन्स काही ठिकाणी तिमाही असतं. लोकलचा तिमाही पास मासिक पासच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट असतो. तो काढला की एका महिन्याचा प्रवास फुगतो, पण तो शहाणपणाचा खर्च असतो. विजेचं जूनमध्ये आलेलं बिल मेच्या वापराचं असतं. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना महापालिकेचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ आहे, त्याहून मोठ्या घरांना सहामाही बिल येतं आणि सोसायटी ते वसूल करते. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबरातल्या गणपतीचं तिकीट जुलैच्या खर्चात दिसतं.

दुसरा प्रश्न: दर वाढला की वापर?

प्रवासातला ५१० चा फरक पूर्ण रिक्षाचा आहे. बजेट जुनं होतं. त्यात किमान भाड्याच्या ४० फेऱ्या, २३ रुपयांप्रमाणे ९२० धरले होते. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं. मेमध्ये फेऱ्या झाल्या ५५, म्हणजे १,४३० रुपये.

आता हे फोडा. ठरलेल्या ४० फेऱ्या नव्या दराने केल्या असत्या तर प्रत्येकी तीन रुपये, म्हणजे १२० रुपये जास्त गेले असते. हा दराचा भाग, यावर तुमचा काहीच इलाज नाही. जास्तीच्या १५ फेऱ्या २६ रुपयांनी ३९० होतात. हा वापराचा भाग. रीत एवढीच: ठरवलेला वापर गुणिले दरातली वाढ, आणि वाढलेला वापर गुणिले नवा दर. दोन्हींची बेरीज फरकाएवढी आली पाहिजे.

दराच्या भागासाठी स्वतःला किंवा घरातल्या कुणाला बोल लावू नका. बजेटमधला आकडाच बदला, लगेच. बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं, तेव्हा ज्यांनी आकडा बदलला नाही त्यांचं प्रवासाचं बजेट दर महिन्याला विनाकारण फुटत राहिलं.

विजेत हे काम फार सोपं असतं, कारण बिलावर युनिट छापलेले असतात. रुपये पाहण्याआधी युनिट पाहा. युनिट तेवढेच आणि बिल जास्त, तर दर किंवा इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारी बिलातली रक्कम) वाढला आहे. युनिट वाढले असतील तर कोणत्या टप्प्यात गेले ते पाहा: घरगुती वापरात १००, ३०० आणि ५०० युनिट या पायऱ्या आहेत आणि पायरी ओलांडल्यावरचा प्रत्येक युनिट महाग पडतो. २९० युनिटवर असणाऱ्या घराने एसी रोज आणखी तासभर लावला तर ३०० च्या पुढचे युनिट वरच्या दराने मोजले जातात.

उदाहरणातल्या घराचं २,००० हे विजेचं बजेट वर्षाच्या सरासरीचं आहे. उन्हाळ्यात बिल वर जाणार आणि डिसेंबर-जानेवारीत खाली येणार, हे गृहीतच आहे. म्हणून मेची तुलना एप्रिलशी नको, गेल्या वर्षीच्या मेशी करा. मासळीचंही तेच. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी येते आणि भाव चढतात. पाठोपाठ श्रावण लागला की अनेक घरांत ही बाब जवळजवळ शून्यावर येते आणि उपासाच्या पदार्थांनी किराणा वाढतो. ऑगस्टची जुलैशी तुलना करून 'मासळीवर बचत केली' म्हणण्यात अर्थ नाही.

उरलेला फरक, म्हणजे बोलण्याजोगा

मसाला आणि फी बाजूला गेली, विजेचे ९५० उन्हाळ्याचे म्हणून समजले. राहिलं काय? किराणा ५००, बाहेरचं खाणं १,७००, प्रवास ५१०, आणि मासे-चिकनमध्ये ६०० कमी. निव्वळ २,११०. त्यातले रिक्षाच्या दराचे १२० वगळा. घरात बसून बोलायचं ते या उरलेल्या दोन हजारांवर, आणि त्यातही मुख्यतः बाहेरच्या खाण्यावर.

बाहेरच्या खाण्याचे १,७०० आणि मासे-चिकनचे उणे ६०० एकत्र वाचा. घरी चिकन कमी शिजलं कारण ते बाहेर खाल्लं गेलं. बाबी एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीची घट दुसरीच्या वाढीतून आली आहे का, हे पाहिल्याशिवाय शाबासकी द्यायची नाही. आणि मेमध्ये सुट्टीला भाचरं आली होती म्हणून चार वेळा बाहेर जेवलात, तर तो खर्च आनंदाने केलेला आहे. तो कमी करायलाच हवा असं नाही. पुढच्या वर्षीच्या मेमध्ये तो आधीच धरायला हवा.

प्रत्येक फरकाच्या मागे लागूही नका. ठरवलेल्या रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी आणि पाचशे रुपयांच्या आत असलेला फरक सोडून द्या. मात्र तोच छोटा फरक सलग तीन महिने एकाच बाजूला दिसला, तर बजेटमधला आकडाच चुकलेला आहे.

वर्षाच्या खर्चाची तरतूद

वेळेचे फरक दर महिन्याला निस्तरत बसण्यापेक्षा वर्षातून एकदा एक यादी करा. आपल्या उदाहरणातल्या घराची ती अशी: विम्याचे हप्ते २४,०००, दिवाळी २०,०००, गणपती आणि गावची खेप १८,०००, जूनमधला गणवेश-वह्या-रेनकोट १५,०००, एसी सर्व्हिसिंग आणि दुरुस्त्या ८,०००, लग्नमुंजीचे आहेर ६,४००, मसाला ४,६००. बेरीज ९६,०००. भागिले बारा, महिन्याला ८,०००.

पैसे स्वतःच्याच खात्यात राहत असले तरी हे आठ हजार बचतीत न धरता 'तरतूद' नावाच्या बाबीत दर महिन्याला खर्च म्हणूनच लिहायचे आणि पगार झाल्याबरोबर वेगळ्या बचत खात्यात टाकायचे. मसाला घेतला की ४,६०० त्या खात्यातून काढायचे. किराण्याच्या बाबीला हातही लागत नाही. पहिल्या वर्षी अडचण येते, कारण एप्रिलमध्ये सुरुवात केली तर जूनपर्यंत जेमतेम २४,००० जमतात आणि शाळा व विमा एकदम येतात. तेवढ्यापुरती बचतीतून उचल घ्या, पण ती उचल म्हणून लिहा आणि दिवाळीनंतर परत भरा.

भाड्याने राहणाऱ्यांनी या यादीत अकरा महिन्यांनी होणाऱ्या कराराची नोंदणी, एजंटची दलाली, टेम्पोचं भाडं आणि भाड्यातली वाढ धरावी. डिपॉझिट परत मिळणार असतं म्हणून ते खर्चात नको, पण ते वाढवून द्यावं लागलं तर तेवढी रोकड लागतेच.

महिन्याच्या मध्यावर एकदा पाहा

पंधरा तारखेला 'निम्मे पैसे उरले का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. हप्ता, मेंटेनन्स, फी, पगार हे सगळं पहिल्या आठवड्यातच जातं. म्हणून त्या दिवशी फक्त हलत्या बाबी पाहा: भाजी, बाहेरचं खाणं, प्रवास, इतर. त्यांतली कुठली सत्तर टक्क्यांच्या वर गेली असेल तर ती सगळ्यांना सांगा. सांगणं पुरतं, उरलेल्या पंधरा दिवसांत माणसं स्वतःहून जपतात.

महिनाअखेरची बैठक अर्ध्या तासाच्या आत उरका. खर्च करणारी सगळी माणसं तिथे हवीत. बाजारहाट आई किंवा सासूबाई करत असतील तर भाजीचा दर त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नसतो. त्यांना आकडा ऐकवू नका, त्यांच्याकडून समजून घ्या. आठवी-नववीतल्या मुलांनाही बसवा. प्रत्येक फरकापुढे एकच अक्षर लिहा: वेळेचा असेल तर 'वे', दराचा 'द', वापराचा 'वा'. आपल्या घराच्या पानावर ते असं दिसेल: मसाला वे, फी वे, रिक्षा द आणि वा, बाहेरचं खाणं वा.

मग 'वे' तरतुदीच्या यादीत जातो. 'द' असेल तर पुढच्या महिन्याचा आकडा बदलतो. 'वा' असेल तर पुढच्या महिन्यासाठी एकच बदल ठरवा, सात नकोत. मेचं ठरवलेलं बजेट मात्र खोडू नका. झालेल्या खर्चाला जुळवण्यासाठी मागचा आकडा बदलला की वर्षअखेरीस वाचायला काहीच उरत नाही. नवा आकडा जूनच्या पानावर लिहा, आणि शेजारी कंसात कारण: 'रिक्षा ९२० ऐवजी १,०४०, दर वाढला'.

ज्यांची मिळकत दर महिन्याला बदलते, म्हणजे रिक्षा चालवणारे, शिकवण्या घेणारे, कंत्राटावर काम करणारे, त्यांनी बजेट गेल्या वर्षातल्या सगळ्यात कमी कमाईच्या महिन्यावर बांधावं. जास्त आलेले पैसे आधी तरतुदीत, मग बचतीत. बाकी तुलनेची रीत तीच.